सध्या हाताशी असलेली तीन पुस्तके: भाद्रपदापर्यंतची नोंद

मागच्या वर्षी माझ्या वाचनवहीत 43 पुस्तकांची नावे चढली होती. वर्षअखेरीस ती यादी पुन्हा चाळली, तेव्हा त्यांतल्या निम्म्या पुस्तकांविषयी दोन धड वाक्येही मला सांगता येईनात. पाने उलटली होती एवढे खरे. म्हणून या गुढीपाडव्याला मी आकड्यांचा रकाना वहीतून काढून टाकला आणि ठरवले की एका वेळी तीनच पुस्तके हाताशी ठेवायची, तीही वेगवेगळ्या वेळांना बांधून: एक सकाळच्या लोकलसाठी, एक रात्री आईला वाचून दाखवण्यासाठी आणि एक महिन्यातून एकदाच उघडण्यासाठी. आपण काय वाचता हे तुम्ही मंडळी नेमाने कळवता आणि माझ्याकडून मात्र गेले पाच महिने काहीच आले नाही, म्हणून ही नोंद थोडी लांबणार आहे.

महिन्यातून एकदा उघडायचे पुस्तक म्हणजे दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’. ते 1956 साली प्रसिद्ध झाले आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत प्रत्येक महिन्यावर त्यात एकेक लेख आहे. विद्यार्थिदशेत मी ते दोन दिवसांत संपवले होते, हा त्या पुस्तकावर केलेला अन्यायच म्हणायचा. यंदा ज्या महिन्यावरचा लेख, तो त्याच महिन्यात वाचायचा आणि पुढचे पान चुकूनही पाहायचे नाही, असा नियम केला. ‘वसंतहृदय चैत्र’ वाचला त्या आठवड्यात आमच्या इमारतीमागच्या पिंपळाला तांबूस, जवळजवळ पारदर्शक पालवी फुटली होती आणि मी पुस्तक हातात धरूनच गच्चीवर गेले. ज्येष्ठात मात्र नियमाची पंचाईत झाली, कारण यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि अधिक महिन्यासाठी पुस्तकात लेख नाही. तो महिना मी कोरा सोडला. वैशाखावरचा लेख पुन्हा वाचता आला असता. पण कोऱ्या महिन्यामुळे निज ज्येष्ठाची जी ओढ लागली, ती मग लागली नसती. या पुस्तकाविषयी सध्या एवढेच.

लोकलमधले पुस्तक आहे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’, आणि या पाच महिन्यांतला बहुतेक वेळ त्यानेच घेतला आहे. पेण तालुक्यातल्या वरसईचे हे भिक्षुक ब्राह्मण कर्ज आणि संसार यांच्या ओढाताणीला कंटाळून 1857 साली आपले काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी आली होती आणि तिथे भरघोस दक्षिणा मिळेल अशी आशा होती. काका-पुतणे महूच्या आसपास पोहोचतात तोच छावणीतल्या शिपायांकडून काडतुसांची आणि येऊ घातलेल्या बंडाची हकीकत त्यांच्या कानावर येते, आणि दक्षिणेसाठी निघालेली ही यात्रा बघता बघता झाशीच्या वेढ्यात जाऊन अडकते.

मी कल्याणची असल्यामुळे एका गोष्टीवर काही काळ अडून बसले. कल्याणपर्यंत रेल्वे 1854 मध्येच आली होती, पण बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला; म्हणजे भटजी निघाले तेव्हा कोकणातल्या माणसाला घाट आपल्या पायांनी किंवा बैलांच्या जिवावरच चढावा लागत होता. ज्या मार्गावरून मी रोज बसल्या जागी जाते-येते, त्या मार्गाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या काळातले हे पुस्तक मी त्याच गाडीत वाचत आहे. शाळेच्या जुन्या नकाशावर मी शिसपेन्सिलीने त्यांची वाट आखत गेले: पुणे, नगर, इंदूर, महू, उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी. नकाशाच्या घड्या आता झाशीपाशी फाटू लागल्या आहेत, कारण मी सर्वांत जास्त काळ तिथेच थांबले.

थांबण्याचे कारण मात्र वाङ्मयीन नव्हते. माझी प्रत रद्दीच्या दुकानात मिळालेली, जुन्या बांधणीची आहे. झाशीच्या वेढ्याचा भाग रंगात आला असता मी पान उलटले आणि नुकतेच वाचलेले सोळा पानांचे प्रकरण पुन्हा समोर आले. बांधणाऱ्याने एक फॉर्मा दोनदा शिवला होता आणि त्यापुढचा फॉर्मा नाहीसा झाला होता. मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी शिरली असताना मी इतक्या मोठ्याने ‘अरे देवा’ म्हणाले की शेजारच्या बाईंनी काही हरवले का, असे विचारले. सोळा पाने हरवली आहेत, असे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्या पायाखाली वाकून पाहिले.

हरवलेल्या पानांच्या शोधात मी ग्रंथालयातून दुसरी प्रत आणली आणि घरी येऊन पाहते तो तिच्यातला मजकूर वेगळाच. मग उलगडा झाला. माझी प्रत भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठाची होती. भटजींनी हा वृत्तान्त वैद्यांच्याच सांगण्यावरून, बंडानंतर सुमारे पाव शतकाने लिहिला, आणि तो छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर. वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली, काही भाग गाळला, मजकुराला शिस्त लावली. ग्रंथालयातली प्रत दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून 1966 मध्ये सिद्ध केलेल्या पाठाची होती. फॉर्मा हरवला नसता, तर आपण नेमके कोणाचे वाक्य वाचत आहोत, भटजींचे की वैद्यांचे, हा प्रश्न मला पडलाच नसता.

तेव्हापासून दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचते. लोकलमध्ये ते जमत नाही, म्हणून गाडीत वैद्यांचा पाठ आणि रविवारी दुपारी तेवढाच भाग पोतदारांच्या पाठात, असा क्रम बसला आहे. वेग तासाला आठ-नऊ पानांवर आला आहे. वैद्यांचे वाक्य जिथे संपते तिथे भटजींचे वाक्य पुष्कळदा संपतच नाही. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि विरामचिन्हेही नसतात, तेव्हा त्या वळणात वाढलेल्या माणसाचे सांगणे ओवीसारखे पुढे पुढे जात राहते, मधेच काकांचे दुखणे, मधेच मुक्कामातले जेवण, मधेच तोफा. पहिल्या रविवारी मला हा गबाळेपणा वाटला. आता वैद्यांचा पाठ वाचताना कुठेतरी इस्त्री फिरवली आहे हे जाणवते आणि मी पेन्सिलीने समासात लहानशी खूण करते. वैद्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी हे लिहवून घेतले नसते, तर इस्त्री करायला कापडच नसते.

झाशीतल्या लुटीचे वर्णन मात्र दोन्ही पाठांत अंगावर येते. मार्च 1858 मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने वेढा घातला, एप्रिलच्या आरंभी शहर पडले आणि त्यानंतरचे दिवस भटजींनी लपतछपत आत काढले. लूट कशी पायरीपायरीने होत गेली हे ते एखाद्या घरमालकाच्या नजरेने सांगतात: आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापड, मग धान्य. ही उतरंड वाचताना मी माझ्याच स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे पाहिले, हे कबूल करते. तारखांच्या बाबतीत भटजींवर फार विसंबू नये, एवढे मात्र या वाटेने येणाऱ्यांना सुचवते. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिणाऱ्याच्या मनात भांडी जशीच्या तशी राहतात आणि तिथी सरकतात.

रात्रीचे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. आईचे वय 82, मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही बारीक टाइप तिला लागत नाही, म्हणून जेवणानंतर मी दहा-बारा पाने वाचते आणि ती वाती वळत ऐकते. हे पुस्तक मी स्वतंत्रपणे निवडले होते. गोडसे भटजींशी त्याचा काही संबंध असेल असे ध्यानीमनीही नव्हते. पण पहिल्याच रात्री 1857 समोर आले. लक्ष्मीबाईंचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, त्या बंडाच्या धामधुमीत फाशी गेले आणि त्या मरणानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे असे वेड लागले की नाशिकजवळच्या जलालपूरचे ते घर अखंड धुण्यातच राहिले. मी वाचायची थांबले, तर आईने वातीवरची नजर न काढता सांगितले, “आमच्या आजीचं असंच होतं गं. पाटा धुवायची, वरवंटा धुवायची, मग हात धुवायची, आणि ते वाळायच्या आत पुन्हा धुवायची. तू वाच पुढे.”

पुस्तक चार भागांत, 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाले आणि 1936 मध्येच लक्ष्मीबाई गेल्या. मी ते पूर्वी एकदा अभ्यासाला असलेल्या उताऱ्यांपुरते वाचले होते, आणि त्या उताऱ्यांमुळे हे विनोदी पुस्तक आहे असा समज करून घेतला होता. मोठ्याने वाचताना कळते की हसू येते ते वाक्याच्या शेवटी, आणि वाक्याच्या मध्यावर पुष्कळदा भूक, अपमान किंवा एकटेपण असते. मनात वाचताना डोळा झरकन शेवटाकडे धावतो आणि मधले निसटते. मोठ्याने वाचताना मधल्या शब्दालाही तेवढाच श्वास द्यावा लागतो. आई अशा जागी हसत नाही, “हं” एवढेच म्हणते. तिच्या “हं”च्या जागा मी वहीत लिहून ठेवू लागले आहे. आजवर 31 झाल्या आहेत.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, तो भाग आम्ही तीन रात्री वाचला. त्यापुढची विरहाची वर्षे आणि लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे परत जाऊनही स्वतःची चूल आणि स्वतःचे पाणी वेगळे ठेवणे, हे आईने पुन्हा वाचायला लावले. धर्मांतरापेक्षा तिला पाण्याची गोष्ट अधिक जवळची वाटली. ती म्हणाली, “धर्म बदलणं एका दिवसाचं काम, घागर बदलायला वर्षं लागतात.” लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेद गळून पडतो, तोही कोणाच्या उपदेशाने पडत नाही, ती बाई रात्र रात्र स्वतःशी वाद घालते आणि मग एकदा कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला तयार होते.

नेमक्या त्याच आठवड्यात लोकलमध्ये मी काल्पीच्या वाटेवरच्या विहिरीपाशी पोहोचले होते. झाशी सुटल्यानंतर राणी लक्ष्मीबाई तिथे भटजींना भेटतात. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने जीव व्याकूळ. भटजी त्यांना पाणी काढून द्यायला पुढे होतात, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये असे म्हणून त्या स्वतःच मडके घेतात आणि ओंजळीने पाणी पितात. राज्य गेले, किल्ला गेला, दत्तक मुलाला घेऊन घोड्यावर रानोमाळ फिरणे नशिबी आले, आणि विहिरीच्या काठावर कोणी कोणासाठी पाणी काढावे याचा नियम मात्र तसाच उभा. हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी त्यात राणीची थोरवी पाहिली. या वेळी पहिल्यांदा मला त्यात घागर दिसली. आदल्या रात्री दुसऱ्या लक्ष्मीबाईंची वेगळी ठेवलेली घागर मोठ्याने वाचली नसती, तर ती दिसली असती असे वाटत नाही.

दोन पुस्तके एकाच वेळी वाचू नयेत, एकाचा रंग दुसऱ्याला लागतो, असे आपल्यापैकी काही जण म्हणतात आणि मीही ते मानत असे. आता माझे मत असे झाले आहे की रंग लागण्यासाठीच ती शेजारी ठेवावीत. मात्र एकाच प्रकारची दोन ठेवू नयेत. चैत्र-वैशाखात मी लोकलमध्ये दुसरेही एक जाडजूड आत्मचरित्र धरून पाहिले होते. ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ते बिचारे इतके सजवलेले वाटू लागले की शंभराव्या पानावर मी ते मिटले. भटजींचे तसे झाले नाही, कारण भटजी स्वतःविषयी फारसे बोलतच नाहीत.

आजची स्थिती अशी. ‘ऋतुचक्रा’त भाद्रपद वाचून झाला आहे आणि खूण आश्विनाच्या तोंडाशी आहे. ‘स्मृतिचित्रे’त टिळकांच्या मृत्यूपर्यंत आलो आहोत, त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केले, हे आईला आधीच सांगून बसले आणि तिची बोलणी खाल्ली. ‘माझा प्रवास’ वैद्यांच्या पाठात शेवटाजवळ आहे आणि पोतदारांच्या पाठात अजून काल्पीतच. त्यामुळे माझ्याकडे सध्या दोन विष्णुभट आहेत: एक अजून बंडात सापडलेला, आणि दुसरा वाटेत वारंवार लुटला जाऊनही गंगाजलाची कावड सांभाळत वरसईकडे निघालेला, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालण्यासाठी. आई रोज रात्री ‘स्मृतिचित्रे’ उघडण्याआधी विचारते, “भटजी पोचले का घरी?” काल मी सांगितले की एक पोहोचत आलेत, दुसऱ्यांना दिवाळी उजाडेल. तिने वातीचे ताट बाजूला सारले आणि म्हणाली, “कावड सांडली नाही ना, तेवढं बघून सांग.”