वाघिणीचा ब्रेक

"अहो, काय शोधताय?"

"ब्रेक."

"सापडला की थांबाल ना?" असं म्हणून बायको चहाचा कप टेबलावर ठेवून निघून गेली. मी टेबलाखाली होतो. गुडघे गालिच्यावर, मोबाइलचा उजेड गालिच्यात आणि गाल जवळजवळ जमिनीला. बाहेर बर्मिंगहॅमचा तोच तो दुपारचा पाऊस, धड पडत नाही आणि धड थांबतही नाही असला. चिमट्यातून एक राखाडी प्लास्टिकची काडी उडाली होती. आगपेटीतल्या काडीहून बारीक. उडताना 'टिक्' असा आवाज मी ऐकला, पण पडल्याचा आवाज काही आला नाही. हे तुकडे पडतच नाहीत बहुधा. उडतात आणि तसेच पुढे जातात.

ही काडी म्हणजे ब्रिटिश रेल्वेच्या सोळाटनी कोळशाच्या वाघिणीचा हातब्रेक. खऱ्या वाघिणीची पेटी साडेसोळा फूट लांब. आम्ही छोट्या मॉडेल-गाड्या करणारे लोक एका फुटाला चार मिलिमीटर धरतो, म्हणजे माझी वाघीण सहासष्ट मिलिमीटरची. मुठीत मावते. चार चाकं, पोलादी पेटी, बाजूला दारं आणि एका टोकाला आणखी एक दार. ते टोकाचं दार कुठल्या अंगाला आहे हे लांबून कळावं म्हणून कुशीवर पांढरा तिरका पट्टा रंगवलेला असतो. पट्टा ज्या बाजूला वर चढतो, त्या टोकाला दार. बंदरावर वाघीण तशीच्या तशी कलती करायची की सगळा कोळसा त्या दारातून भडाभडा जहाजात. मी पहिल्या वाघिणीवर हा पट्टा उलटा काढला होता. ती अजून आहे माझ्याकडे. तिच्यातला कोळसा बिचारा बंद भिंतीवर आपटत असणार.

'वाघीण' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. इथल्या मंडळींना मी एकदा सांगितलं, की आमच्या भाषेत वॅगनला वाघाची मादी म्हणतात. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. वॅगनची वाघीण कुणी केली देव जाणे, पण ज्याने केली त्याला साष्टांग नमस्कार. आठ वर्षांचा असताना कर्जतला, आजोळी, आजीला पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. 'मालगाडीच्या सहा वाघिणी घसरल्या', असं मी एकदा मोठ्यांदा वाचलं. आजी तांदूळ निवडायची थांबली. "आणि मग? पकडल्या का?" मी पुढची बातमी डोळ्यांनीच चाळली आणि म्हणालो, "नाही, तीन अजून रुळाशेजारी आहेत." त्या संध्याकाळी आम्हा पोरांना अंगणाबाहेर सोडलं नाही. मामा घरी आल्यावर उलगडा झाला, पण आजीने काही आपलं मत बदललं नाही. वाघीण ती वाघीणच, असं तिचं म्हणणं.

त्यामुळे पुढे कधीतरी ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा तारेचा कोश हाती लागला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. तारेत शब्द वाचवायचे म्हणून त्या कंपनीने डब्यांच्या प्रत्येक प्रकाराला एकेक नाव देऊन टाकलं होतं. बंद डबा म्हणजे 'मिंक'. गार्डचा डबा म्हणजे 'टोड', आपला भेक. अवजड यंत्रं न्यायचा खोलगट डबा 'क्रोकोडाइल'. लाकडाचे ओंडके वाहणारा 'मकॉ' पोपट. मासळीच्या डब्याला 'ब्लोटर', खारवलेल्या मासळीचंच नाव. आणि प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारी गुरं ज्यातून जायची तो 'बीटल', म्हणजे भुंगा. एवढा थोरला बैल, आणि चाललाय भुंग्यात बसून! पुढे रुळांची खडी वाहणाऱ्या डब्यांना तर डॉगफिश, कॅटफिश, वॉलरस, सीलायन अशी समुद्रातली नावं मिळाली. स्विंडनच्या तारबाबूने 'दोन मगरी, एक भेक पाठवा' अशी तार करावी आणि पलीकडच्याने निमूट पाठवून द्याव्यात, हे माझ्या आजीला एकदम पटलं असतं.

पण वाघिणीकडे बघतं कोण? लोक इंजिनं बघतात. प्रदर्शनांत इंजिनापुढे गर्दी, आणि मागे चाळीस डबे मान खाली घालून उभे. दुकानात वाघिणी मिळतात त्या बहुतेक जुन्या खाजगी मालकांच्या, म्हणजे रेल्वेचं १९४८ साली राष्ट्रीयीकरण व्हायच्या आधीच्या. लाल, पिवळ्या, निळ्या, अंगावर खाणमालकाचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. वरातीत निघाल्यासारख्या. मला त्या आवडत नाहीत. मला राखाडी हवी, गंजलेली, ठिगळं लावलेली.

आणि गंज काही सोपा नाही. आधी पेटीला तपकिरी रंग द्यायचा. वाळला की त्यावर बायकोचा हेअरस्प्रे (हे वाक्य तिने वाचू नये). तो ओला असतानाच चिमूटभर मीठ भुरभुरायचं, वर राखाडी रंग. सगळं सुकलं की ओल्या ब्रशने मीठ चोळून काढायचं. जिथे जिथे मीठ होतं तिथे पोपडे निघून खालचा तपकिरी दिसतो. पेटीच्या आतली बाजू बाहेरच्याहून जास्त गंजकी करायची, कारण कोळसा आतला रंग खरवडून टाकतो. एक वाघीण मनासारखी कळकट व्हायला मला तीन संध्याकाळ लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत आजी आम्हाला चिंच देऊन तांब्याचा बंब घासायला बसवायची, डाग राहिला तर पुन्हा. पन्नास वर्षांनी मी उलट्या दिशेने घासत बसलोय.

आता जाणकार मंडळी म्हणतील, गंज एवढा खरा करता, मग रुळांचं काय? खरं आहे. आमच्या मापात दोन रुळांमधलं अंतर १८.८३ मिलिमीटर हवं, पण बाजारात मिळणारे रूळ १६.५ चे. म्हणजे माझी गाडी ४ फूट दीड इंच रुंदीच्या रुळांवर धावते, खरी धावायची ४ फूट साडेआठ इंचांवर. चूक फार जुनी आहे. रूळ लहान मापाचे आणि वरचा डबा मोठ्या मापाचा, कारण ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने बारीक, लहान मापात केली तर त्यांच्या पोटात मोटरच मावेना. काही लोकांना हे सहन होत नाही. ते चाकं बदलतात, रूळ हाताने घालतात, संसार बाजूला पडतो. मला काही वाटत नाही. साडेपाच फुटी रूळ बघत वाढलेला माणूस मी. मला इथली खरी गाडीसुद्धा अरुंदच दिसते.

ब्रेकचं मात्र वाटतं.

कारण ब्रिटिश रेल्वेत राखाडी रंगाचा अर्थच मुळी 'हिला इंजिनावरून लागणारा ब्रेक नाही' असा होता. ज्यांना तो होता त्या तांबूस तपकिरी. राखाडी वाघिणी नुसत्या तीन कड्यांच्या साखळीने एकमेकींना अडकवलेल्या. थांबवायला पुढे इंजिन आणि सगळ्यात मागे गार्ड, त्याच्या डब्यातल्या हातचाकासकट. मोठा उतार आला की गाडी आधी थांबवायची, आणि कुणीतरी खाली उतरून, पावसापाण्यात, दांडक्याने एकेका वाघिणीचा ब्रेक खाली दाबून अडकवत जायचं. हीच ती माझ्या गालिच्यातली काडी. दोन्ही कुशींना असते, म्हणजे माणसाला डब्यांच्या मधून पलीकडे घुसावं लागू नये. आधी घुसावं लागायचं.

इथून जवळ ब्रॉम्सग्रोव्हला लिकीचा चढ आहे. ३७.७ फुटांना एक फूट. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ ला एक, १८६३ पासूनचा. लिकीला मागून रेटा द्यायला दहा चाकांचं एक धिप्पाड इंजिन होतं, १९१९ ते १९५६. लोक त्याला 'बिग बर्था' म्हणायचे. कर्जतला मागून इंजिनं लागतात ती आजही. आजोळच्या मागच्या कट्ट्यावर बसून मामेभाऊ आणि मी घाटाकडे निघालेली मालगाडी मोजायचो. चढाला लागलेली, त्यामुळे चांगली सावकाश. तरी आमचा आकडा एकदाही जुळला नाही. तो इंजिनं धरायचा, मागची सुद्धा. मी म्हणायचो, इंजिन ही वाघीण नव्हे. यावरून एकदा त्याने मला कट्ट्यावरून ढकललं होतं.

काडी सापडली नाही. चहाही निवला. ती वाघीण मी ब्रेक नसलेली बाजू भिंतीकडे करून गाडीत लावली, मागे रेटा द्यायला एक इंजिन जोडलं आणि फोटो काढून मामेभावाला पाठवला. वीस वाघिणी आणि गार्डचा डबा. खाली लिहिलं, 'एकवीस.'

कर्जतला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले असतील. उत्तर लगेच आलं.

'तेवीस. नीट मोज.'