60 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक: फिल्टरचं एकदाचं ठरलं

अपडेट देतो. खडक रचून झालेत, पाण्याचा खारेपणा (विशिष्ट घनता) 1.025 ला सेट आहे, अमोनिया शून्यावर आलाय पण नायट्राइट अजून दिसतंय. खाऱ्या पाण्यात क्लोराइडमुळे नायट्राइट गोड्या पाण्याइतकं विषारी नसतं हे खरंय, तरी सायकल, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे बॅक्टेरिया टँकमध्ये बसायचा काळ, पुरी झाली नाही एवढं त्यावरून कळतं, त्यामुळे मासा सोडायची घाई नाही. या रिकाम्या वेळात फिल्टरवर डोकं खाऊन झालं आणि शेवटी ठरलं, हँग ऑन बॅक, म्हणजे टँकच्या मागच्या काचेवर टांगायचा फिल्टर, आत नुसता फ्लॉस (कापसासारखा गाळायचा थर) आणि थोडा कार्बन. बास.

आता का ते सांगतो, कारण गोड्या पाण्यातून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की फिल्टर जेवढा मोठा तेवढं बरं. गोड्या पाण्यात बॅक्टेरियाची वसाहत फिल्टरमधल्या मीडियावर, म्हणजे आतल्या स्पंजसारख्या भरावावर असते, इथे ती खडकात असते. सच्छिद्र खडकाच्या वरच्या थरात अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होतं, आणि आत जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे थोडंफार नायट्रेट वायू होऊन निघूनही जातं. म्हणजे बायोलॉजिकल काम आधीच कुणीतरी करतंय, मग फिल्टरकडून मला हवंय काय? तर घाण सडायच्या आत पाण्याबाहेर काढणं. हा एकच प्रश्न धरून बसलो आणि निम्मे पर्याय आपोआप गळाले.

पहिला गळाला कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवून पाइपने जोडायचा बंद डब्याचा फिल्टर. मशीन म्हणून झकास असतं, आवाज नाही, पाणी काचेसारखं. पण घाण आत अडकते म्हणजे जाते कुठे, कुठेच नाही, त्याच पाण्याच्या वाटेत बसून कुजते आणि नायट्रेट बनून टँकमध्ये परत येते. दर आठवड्याला उघडून धुतला तर काही प्रॉब्लेम नाही, पण पाइप सोडवा, बादली आणा, रबरी रिंग नीट बसवा, हे दर आठवड्याला मी करणार नाही हे मला चांगलं माहितीये. शिवाय लाइट बराच वेळ गेली की बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो आणि लाइट आल्यावर तेच घाण पाणी टँकमध्ये जातं.

सम्प, म्हणजे टँकखाली ठेवायचा दुसरा टँक, सगळ्यात छान, त्यात वाद नाही. पाणी वाढतं, हीटर लपतो, फेसातून घाण काढणारा स्किमर लपतो, एका कोपऱ्यात कीटोमॉर्फा हे शेवाळ लावून रात्री लाइट दिला तर तो नायट्रेट फॉस्फेट खातो आणि पीएचही रात्री कमी घसरतो. पण माझा टँक ड्रिल केलेला नाही, म्हणजे पाणी खाली न्यायला काचेला भोक नाही, आणि काचेवरून टांगून पाणी खाली सोडणाऱ्या ओव्हरफ्लोमध्ये सायफन तुटला तर सम्पमधला पंप चालूच राहतो आणि पाणी येतं फरशीवर. तेवढी रिस्क या साइजला नको वाटली.

खरा झगडा झाला स्किमरशी. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला प्रोटीन आणि तेलकट सेंद्रिय पदार्थ चिकटतात, फेस होऊन मानेतून वर चढतात आणि कपात पडतात, म्हणजे अमोनिया व्हायच्या आतच घाण बाहेर. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत म्हणून हे जमतं, गोड्यात एवढं जमत नाही. एका ओळखीच्याच्या टँकवर बघितलं, कपात काळपट हिरवं पाणी आणि वास असा की झाकण काढलं की माणूस दोन पावलं मागे. हे सगळं नाहीतर टँकमध्येच राहिलं असतं! पण छोटे स्किमर चिडके असतात, पाण्याची पातळी थोडी हलली की एकतर फेस वर येत नाही नाहीतर कप पाण्याने भरून वाहतो, तेलकट खाणं टाकलं की फेस बसतो, नवीन असताना सेट व्हायलाही वेळ घेतो. दोनच छोटे मासे ठेवणार आहे, त्यामुळे सध्या नाही. कोरल वाढले, खाणं वाढलं की बघू, मागच्या काचेवर त्याच्यापुरती जागा सोडून ठेवलीय.

पाणी बदलण्याचं गणितही मांडून बघितलं. 10 टक्के पाणी बदललं तर 20 पीपीएम नायट्रेटचं 18 होतं, आणि आठवड्यात परत 2 ने वाढलं तर पुन्हा 20. म्हणजे नुसतं पाणी बदलून आकडा खाली येत नाही, तिथेच अडकून बसतो. आत जाणारी घाणच कमी करायला हवी, म्हणून फ्लॉस. दोन तीन दिवसांनी ओढून काढायचा, फेकायचा, नवा टाकायचा, हात ओला व्हायच्या आत काम संपतं.

फ्लोचं पण बघा हं, बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका. फिल्टरच्या ओठाखाली एक लिटरचा मग धरला तर कोरा फ्लॉस असताना 9 सेकंदांत भरला, म्हणजे ताशी 400 लिटर, तेही बॉक्सवरच्या आकड्यापेक्षा बरंच कमी. मळका फ्लॉस लावून बघितलं तर 14 सेकंद, म्हणजे 260 सुद्धा नाही. खडक वाळू वजा जाता पाणी साधारण 50 लिटर, त्यामुळे कोऱ्या फ्लॉसवर तासाला आठ फेऱ्या होतात, फिल्टरला तेवढं पुरे. कोरलला लागणारा जोर पॉवरहेड (टँकमध्ये पाणी ढकलणारा छोटा पंप) देईल, ते काम फिल्टरच्या गळ्यात घालायचं नाही.

मॉडेल निवडताना पंप पाण्यात बुडालेला असेल असंच घेतलं, कारण लाइट जाऊन आल्यावर काही हँग ऑन बॅकला पाणी परत चढवता येत नाही आणि मोटर कोरडी फिरत बसते. एक फायदा असाही निघाला की बाष्पीभवनाने पातळी बोटभर खाली गेली की धबधब्याचा आवाज वाढतो, मग आरओचं साधं पाणी घालायचं. मिठाचं नाही हं, उडतं ते पाणी, मीठ टँकमध्येच राहतं.

आता नायट्राइट शून्य झालं की आधी मोठं पाणी बदलणार, मग क्लाउनफिशची जोडी. कार्बन तोपर्यंत पाकिटातच.