चार्जर लावलेला, तरी बॅटरी उतरत होती : माझ्या गेमिंग लॅपटॉपच्या लॅगचा अनुभव

माझा पाठचा भाऊ पुण्यात इंजिनीअरिंगला आहे आणि मी अकोल्यात. रविवारी रात्री साडेनऊला आम्ही दोघं ‘इट टेक्स टू’ खेळायला बसतो. २०२१ चा हा गेम एकट्याने खेळताच येत नाही, कायम दोघं लागतात. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतो, म्हणून आम्ही तो निवडला. भाऊ घर सोडून गेल्यापासून आमच्या निवांत गप्पा याच वेळात होतात. हात गेममध्ये गुंतलेले असले की तो मेसच्या जेवणापासून बॅकलॉगपर्यंत सगळं सांगतो, फोनवर नुसतं ‘हं, ठीक आहे’ म्हणतो. त्यामुळे गेम अडकायला लागला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. या गेममध्ये दोघांचं टायमिंग जुळावं लागतं. एकाचा लॅपटॉप अडकला की दोघांची उडी चुकते.

लॅपटॉप मी २०२२ मध्ये पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतला. इंटेलचा आय५-११४००एच प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ६ जीबीचं ग्राफिक्स, १४४ हर्ट्झचा स्क्रीन. दिवसा त्यावर माझं इंटीरिअरच्या ड्रॉइंगचं काम चालतं. दोन वर्षं त्याने कधी त्रास दिला नव्हता. मग जानेवारीपासून भावाची परीक्षा आणि सबमिशन यांत आमचे रविवार बुडाले होते. एप्रिलअखेर पुन्हा बसलो, तर पाच-सात मिनिटं सगळं सुरळीत आणि मग एकदम चित्र थिजायचं. आवाज फाटल्यासारखा यायचा, दहा-पंधरा सेकंद गेम स्लाइड शोसारखा सरकायचा आणि आपोआप पूर्ववत व्हायचा. पुन्हा थोड्या वेळाने तेच. भाऊ विचारायचा, “ताई, तुझं नेट गेलं का?” नेट जागेवर होतं.

आधी मी काय काय करून पाहिलं ते भराभर सांगते, कारण त्याचा उपयोग झाला नाही. डीडीयू हा ड्रायव्हर साफ करणारा प्रोग्रॅम वापरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळापासून काढला आणि नवा टाकला. विंडोजमधलं मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं सेटिंग बंद केलं. गेमिंगसाठी हे तात्पुरतं बंद करता येतं असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे. फरक सेकंदाला दोन-तीन फ्रेमचा, म्हणजे चित्रांचा, म्हणून सुरक्षेसाठी ते परत चालू केलं. एक पूर्ण शनिवार घालवून विंडोज नव्याने टाकलं. शेवटी शहरातल्या एका दुकानात दाखवलं. त्यांनी दहा मिनिटांत ‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणून अठरा हजारांचा आकडा सांगितला. काय मोजलं, कसं कळलं, याचं उत्तर मिळालं नाही. मी लॅपटॉप उचलून घरी आणला.

घरी येताना वाटेत मामाचं दुकान लागतं. मामा मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, सगळं त्याच्याकडे येतं. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि हातातला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर बाजूला ठेवत त्याने एवढंच विचारलं, “मशीन किती मागते अन् भेटते किती, हे मोजलं का तू?” मी म्हटलं, मामा, ही मोटार नाही. तो म्हणाला, “लाइटवरच चालते ना?”

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट मोजायला बसले. एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लॅपटॉपमधल्या जवळजवळ सगळ्या सेन्सरचे आकडे दाखवतो, आणि ते सेकंदा-सेकंदाला फाइलमध्ये उतरवूनही ठेवतो. नंतर ती फाइल एक्सेलमध्ये उघडून शांतपणे वाचता येते. नुसतं एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते, बघण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे. एफपीएस म्हणजे ताप किती आहे तेवढं कळणं. ताप कशाचा, ते बाकीचे रकाने सांगतात.

शिवाय दर वेळी मोजायला तोच प्रसंग हवा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. माझ्याकडे ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ होता. त्यात बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची चाचणी आहे, तोच ठरावीक प्रवास तो दर वेळी करून दाखवतो. शेवटी सरासरी एफपीएसबरोबर ‘जीपीयू बाउंड’ किती टक्के तेही येतं. म्हणजे किती वेळ ग्राफिक्स कार्डामुळे गती अडली होती. गेमिंग लॅपटॉपवर भारी सेटिंगला हा आकडा नव्वदच्या वर असायला हवा, कारण बहुतेक वेळा ग्राफिक्सच आधी दमतं. माझा आला ११ टक्के. सरासरी ४१ एफपीएस. सेटिंग ‘हायेस्ट’वरून थेट ‘लो’वर आणली तरी सरासरी ४४.

हा माझ्यासाठी पहिला खरा धागा होता. सेटिंग कमी करूनही वेग वाढत नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसर मागे पडतोय. मी दोन आठवडे ड्रायव्हर बदलत होते ते ग्राफिक्सचे. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

मग फाइल उघडली. अडकण्याच्या प्रत्येक वेळी प्रोसेसरचा वेग ४ गिगाहर्ट्झच्या आसपासवरून धाडकन ०.८ वर येत होता आणि काही सेकंदांनी परत वर जात होता. त्याच ओळीत ‘प्रॉकहॉट’ या रकान्यात ‘येस’. प्रॉकहॉट म्हणजे प्रोसेसर हॉट, प्रोसेसर तापलाय. मे महिना, अकोला, बाहेर ४५ अंश. सगळे म्हणतच होते की उन्हाने होतंय. मलाही वाटलं, सापडलं.

पण शेजारचा रकाना बघितला तर त्या क्षणी प्रोसेसरचं तापमान ७२ अंश. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. ७२ ला तो ‘तापलो’ म्हणून का ओरडेल? मी ती ओळ पुन्हापुन्हा वाचली. दुसऱ्या झटक्याला ७४. तिसऱ्याला ७१.

उलगडा असा झाला की प्रॉकहॉट ही दुहेरी वाट आहे. प्रोसेसर तापला की तो स्वतः हा इशारा देतो हे खरं, पण मदरबोर्डवरचे बाकीचे भागही हीच तार ओढून प्रोसेसरला ‘हळू हो’ म्हणून सांगू शकतात. वीजपुरवठा सांभाळणारा भागही त्यात येतो. नाव उष्णतेचं असलं तरी तक्रार उष्णतेचीच असेल असं नाही.

आणि मग मी तो रकाना पाहिला जो इतके दिवस नजरेखालून गेलाच नव्हता. बॅटरी. चार्जर लावलेला, खाली चार्जिंगचं चिन्ह दिसतंय, आणि चार्ज रेट वजा. सुरुवातीला ९८ टक्के असलेली बॅटरी पन्नास मिनिटांत ७१ वर आली होती. म्हणजे गेम चालू असताना लॅपटॉपला चार्जरमधून येणारी वीज पुरत नव्हती आणि उरलेली तो बॅटरीतून ओढत होता. तेही पुरेनासं झालं की तार ओढली जायची आणि प्रोसेसर ०.८ वर यायचा. मामाने विचारलं होतं ते हेच.

मी टेबलाखाली वाकून चार्जर वर घेतला. जानेवारीत मूळ चार्जर जळाला होता. ऑफिसचं काम अडलं म्हणून घाईत बाजारातून दुसरा आणला होता, पिन बरोबर बसली, चार्जिंग सुरू झालं, विषय संपला. तेव्हापासून ड्रॉइंगच्या कामाला काहीच अडचण आली नव्हती आणि गेम तर आम्ही खेळतच नव्हतो. म्हणून जानेवारीतला चार्जर आणि एप्रिलमधला लॅग यांचा सांधा माझ्या डोक्यात कधी जुळलाच नाही. मोबाइलच्या टॉर्चमध्ये लेबल वाचलं. आउटपुट २० व्होल्ट, ६.७५ ॲम्पिअर. गुणाकार केला, १३५ वॅट. जळका चार्जर अजून कपाटात होता. त्यावर २० व्होल्ट, ११.५ ॲम्पिअर. २३० वॅट.

व्होल्ट तेच, पिन तीच, दिसायलाही तसाच. पण माझ्या लॅपटॉपमधलं ३०६० ग्राफिक्स एकटं ११५ वॅटपर्यंत मागतं, प्रोसेसर ४५ आणि झटक्यात त्याहून जास्त, वर स्क्रीन, फॅन, एसएसडी. दीडशे तिथेच ओलांडले. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर घेताना पिन बसते का हे बघू नका, लेबलवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर गुणून बघा. लॅपटॉप सुरू होताना कमी क्षमतेच्या चार्जरची एक सूचना दोन सेकंद येऊन जायची, ती मी महिनोन् महिने वाचलीच नव्हती.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. हा प्रॉकहॉटचा बाहेरून येणारा इशारा थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्रॅममध्ये एक टिक काढून बंद करता येतो, आणि पुष्कळ जण तोच इलाज सांगतात. सेन्सरच बिघडून खोटा इशारा देत असेल तर एक वेळ ते समजू शकते. पण माझ्या बाबतीत इशारा शंभर टक्के खरा होता. मी टिक काढली असती तर लॅग गेला असता आणि १३५ वॅटचा चार्जर दर रविवारी दोन-दोन तास ताकदीबाहेर चालला असता, तोही आईच्या पलंगाशेजारच्या प्लगवर. इशारा बंद करण्याआधी तो कोण आणि का देतंय, हे शोधाच.

कंपनीचा २३० वॅटचा चार्जर साडेपाच हजारांना मिळाला. आठ दिवस वाट पाहिली. लावल्या लावल्या तोच बेंचमार्क चालवला, सरासरी ७८, जीपीयू बाउंड ८१ टक्के. ०.८ चे झटके पूर्ण बंद. बॅटरी हलली नाही.

पण आता दुसरं दुखणं उघडं पडलं, जे पहिल्याखाली झाकलं गेलं होतं. पुरेशी वीज मिळायला लागल्यावर प्रोसेसर खरंच तापून ९८-९९ अंशांवर जायला लागला आणि वेग ३ गिगाहर्ट्झच्या खाली घसरायला लागला. या वेळचा प्रॉकहॉट खरोखर उष्णतेचा होता. लॅपटॉपचा फॅन खोलीतलीच हवा आत ओढतो. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर असते, मेमध्ये रात्री दहालाही ३६, म्हणजे सुरुवातच अकरा अंश वरून. कूलरसमोर लॅपटॉप ठेवायचा मोह होतो, तो मी मुद्दाम टाळला. आमच्याकडच्या वाळ्याच्या कूलरच्या झोतात पाण्याचे बारीक कण असतात, ते बोर्डावर नकोत.

लॅपटॉप उघडायचं ठरवलं. वॉरंटी संपली होती. खालचे स्क्रू लहान-मोठे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवला. कव्हर निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. वरून फॅन बरे दिसत होते, नुसती करडी धूळ. पण फॅनची झाकणं काढली तेव्हा कळलं. फॅन आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या भागाच्या, तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये, नेमकं हवा बाहेर पडते त्या फटीत, एक पांढरट जाड थर बसला होता. चिमट्याने टोक धरून ओढलं तर अख्खी पट्टी सलग निघाली, बोटभर लांब, नमद्यासारखी दाबली गेलेली. धुळीत रुईचे तंतू होते. आमच्या घरापासून जिनिंग फॅक्टरी लांब नाही. हंगामात खिडकीच्या जाळीवर जी पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते, तीच दोन वर्षं लॅपटॉपच्या नाकात साठत होती. नुसत्या बाहेरून ब्लोअर मारून ती कधीच निघाली नसती, उलट आत दाबली गेली असती.

फॅनची पाती इअरबडने अडवून धरली आणि मगच ब्लोअर मारला. पाती मोकळी सोडली तर हवेने भन्नाट फिरतात आणि बेअरिंगला ते चांगलं नाही. हीटसिंक उतरवून वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखी झालेली जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि नवी लावली. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळले. सगळं मिळून अडीच तास लागले. आई मध्ये दोनदा डोकावून गेली, “जमतंय ना? नाही तर मामाला बोलावू.”

बेंचमार्क पुन्हा चालवला. सरासरी ९३, जीपीयू बाउंड ९७ टक्के, प्रोसेसर ८५ अंश. उन्हाळ्यापुरती ‘इट टेक्स टू’ला ६० फ्रेमची मर्यादाही लावून ठेवली. त्या गेमला एवढे पुरतात आणि लॅपटॉप निवांत राहतो.

१३५ वॅटच्या चार्जरवर मी मार्करने ‘फक्त ड्रॉइंगसाठी’ लिहिलं आणि तो ऑफिसच्या बॅगेत टाकला. मामाला फोन करून दोन्ही लेबलांचे आकडे सांगितले. तो म्हणाला, “बघ, तीन एचपीच्या मोटारीले एक एचपीची केबल.” आणि खूश होऊन हसला.

रविवारी साडेनऊला बसलो. भावाने पाचेक मिनिटं सावधपणे खेळून पाहिलं, मग विचारायचंच विसरला आणि हॉस्टेलमधल्या नव्या रूममेटबद्दल बोलायला लागला. पावणेबारा वाजले. बंद करण्याआधी मी खालच्या कोपऱ्यात बघितलं, बॅटरी १०० टक्क्यांवर होती.