तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा टॉम फिनी

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण बैठकीतला तो फोटो बघून विचारतो, हा कोण? इंग्लंडचा फुटबॉलपटू टॉम फिनी, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: यानं जिंकलं काय?

मोठा एकही चषक नाही. 1953 मध्ये त्याच्या प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबचे गुण आर्सेनलइतकेच होते, पण केवळ गोलांच्या सरासरीवर (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) लीगचं विजेतेपद आर्सेनलकडे गेलं. 1954 मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि तिथे वेस्ट ब्रॉमविचनं 3-2 नं हरवलं. इंग्लंडसाठी मात्र 76 सामन्यांत 30 गोल, तेही विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेनं खेळून. मूळचा डावखुरा, पण उजवीकडून खेळायचा, आणि गरज पडली तर डावीकडूनही.

फिनी प्रेस्टन गावचाच. पोरवयात क्लबनं बोलावलं, तेव्हा वडील म्हणाले, आधी प्लंबिंगचं काम पुरतं शिक. तो शिकला. मग दुसरं महायुद्ध आलं, इजिप्त आणि इटलीत रणगाड्यावर गेला. लीगचा पहिला सामना खेळला तेव्हा 24 वर्षांचा होता. पुढे इंग्लंडकडून खेळत असतानाही प्लंबिंगचा धंदा सुरूच होता, कारण त्या काळी खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा असायची. 1952 मध्ये ती आठवड्याला 14 पौंड होती.

त्याच वर्षी सिसिलीतल्या पालेर्मो क्लबनं त्याला मागणी घातली. सही करताच 10,000 पौंड, महिन्याला 130 पौंड, वर समुद्राकाठी बंगला आणि गाडी. म्हणजे नुसत्या सहीचे तेरा-चौदा वर्षांच्या पगाराइतके. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला. करार संपला तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शके, असा तेव्हाचा नियम होता.

लोक याला निष्ठा म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याला जायची मुभाच नव्हती, त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणणं म्हणजे त्याच्यावर झालेला अन्याय गोड करून सांगणं. मला तो मोठा वाटतो तो नंतरच्या आठ वर्षांमुळे. हात राखून खेळायला त्याच्याकडे कारण होतं, तरी तो तसा खेळला नाही. 1954 आणि 1957 असा दोनदा तो वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. प्रेस्टनसाठी लीगच्या 433 सामन्यांत 187 गोल केले. एप्रिल 1960 मध्ये थांबला. पुढच्याच हंगामात प्रेस्टन खालच्या विभागात गेलं, आणि जानेवारी 1961 मध्ये पगाराची ती मर्यादाही उठली. ती उठल्याचा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

फोटो 1956 चा, चेल्सीच्या मैदानावरचा. पावसानं गवतावर तळं साचलंय, त्यातून फिनी घसरत निघालाय आणि भोवती पाण्याचा पडदा उभा राहिलाय. 2004 मध्ये याच फोटोवरून प्रेस्टनच्या डीपडेल मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभारला. त्यातही त्याच्याभोवती खरं पाणी उडतं.