घाट जमला, गाव नडलं

इटलीतून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, तो आल्प्समधला स्टेल्व्हिओचा अठ्ठेचाळीस वळणांचा घाट कसा काढलास गं, भीती नाही वाटली? खरं सांगू का, घाटाची नाही वाटली. आंबा घाट, करूळ घाट भर पावसात धुक्यात उतरलेल्या बाईला एकही खड्डा नसलेला, कठडे धड असलेला रस्ता दिला तर ती घाबरणार कशाला. आमची वाट लावली ती गावांनी. म्हणजे गल्ल्या, पाट्या, पार्किंगच्या रंगीत रेघा आणि एक इटालियन शब्द, तो पुढे येईलच.

तर मी आणि मृणाल, कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, दोघी पंचेचाळिशी ओलांडलेल्या, सप्टेंबरात आठ दिवस. मृणालला गाडी येत नाही, त्यामुळे चालवायची मी आणि नकाशा तिच्याकडे असं आधीच ठरलेलं. (हे लिहितानाही ती म्हणेल की चूक माझीच होती.)

आधी आयडीपी काढायला लागतं, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. सरकारच्या सारथी साईटवर अर्ज, हजार रुपये फी, फॉर्म ४ए, आणि पासपोर्ट वगैरे सगळ्याच्या कॉप्या. पूर्वी व्हिसाही आधी लागायचा, २०२२ पासून ती अट नाही. माझं लायसन्स कोल्हापूरचं, राहते पुण्यात, त्यामुळे पत्त्यावरून दोन चकरा झाल्या. शेवटी एक पुस्तिका हातात पडते, वर्षभर चालते, पण नुसती ती दाखवून भागत नाही, मूळ लायसन्सही बरोबर ठेवा.

मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर भाड्याच्या गाडीच्या काउंटरला पहिला दणका बसला. बुकिंग मृणालच्या कार्डावर केलेलं कारण तिला पॉइंट मिळतात, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला डिपॉझिट ब्लॉक करायला क्रेडिट कार्ड ड्रायव्हरच्याच नावाचं पाहिजे. माझं कार्ड होतं, पण त्याच्यावर परदेशातले व्यवहार चालूच केलेले नव्हते, आपल्याकडे ते २०२० पासून नव्या कार्डांवर मुळात बंदच असतात, आपण ॲपमध्ये जाऊन चालू करायचे. ॲपला ओटीपी हवा, ओटीपी भारतातल्या नंबरवर, आणि ते सिम मी विमानातच काढून पाकिटात ठेवलेलं कारण इटलीचं घातलं होतं. परत घालायला ट्रे उघडायची पिन नाही. मागे रांग. मृणालनं शांतपणे हातातल्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि ट्रे उघडला. त्या पोरानं ती पिन हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि मग एकदाचे पेपर पुढे केले.

गाडी छोटीशी फियाट पांडा, गिअरवाली, कारण ऑटोमॅटिकचे पैसे बघून आम्ही गप्प बसलो. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पहिला तासभर गिअर टाकायला डावा हात जायचा आणि दारावर आपटायचा. त्याहून वाईट म्हणजे इंडिकेटर, आपल्याकडे उजवीकडची दांडी, तिथे डावीकडची, त्यामुळे प्रत्येक वळणाला मी स्वच्छ उन्हात वायपर चालू करत होते. लेक्कोपर्यंत काच एकदम चकाचक झाली. तिथून पुढे कोमो तळ्याच्या काठानं बोगदेच बोगदे, सोंद्रिओ, आणि मुक्काम बोर्मिओला.

दुसऱ्या दिवशी स्टेल्व्हिओ. २७५७ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. ऑस्ट्रियाचं साम्राज्य होतं तेव्हा मिलानच्या बाजूची लोम्बार्डी त्यांच्याकडे होती, तिथे जायला त्यांनी हा रस्ता १८२० ते १८२५ मध्ये बांधून घेतला, इंजिनिअर कार्लो दोनेगानी. बोरघाटातून गाडीरस्ता इंग्रजांनी सुरू केला १८३० मध्ये, म्हणजे दोन्ही साधारण एकाच पिढीतले आणि दोन्ही परक्या राजाच्या सोयीचे. बोर्मिओकडून चढताना अरुंद बोगदे लागतात, दोन गाड्या समोरासमोर आल्या की कोणाला तरी थांबावं लागतं. नियम आपलाच आहे, चढणाऱ्याला आधी वाट, उतरणाऱ्यानं थांबायचं. फरक एवढाच की तिथे खरंच थांबतात.

माथ्यावर वारा असा की दार उघडताना धरून ठेवावं लागलं. सगळीकडे बाइकवाले, आणि सायकलवाले, हे लोक पायांनी वर येतात, मला बघूनच धाप लागली. सॉसेजच्या टपऱ्या आहेत, मी शाकाहारी, मला मिळाला पावात आंबवलेला कोबी आणि मोहरीची चटणी, त्या थंडीत तोही छान लागला.

ती प्रसिद्ध ४८ वळणं पलीकडच्या, प्राटोच्या बाजूला. प्रत्येक वळणावर नंबर आणि उंची लिहिलेली, वरून उतरताना १ पासून सुरू. मृणाल मोठ्यानं मोजत होती, सत्यनारायणाचे अध्याय मोजतात तशी, किती राहिले. पप्पांनी जीपवर शिकवलेलं एकच धरून ठेवलं, ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, म्हणजे सेकंड, अगदी चिमट्यासारख्या वळणाला फर्स्ट, ब्रेक नुसता टेकवायचा. बाविसाव्या वळणाला थांबलो तर पुढच्या एका भल्या मोठ्या गाडीच्या चाकांतून जळका वास येत होता, मालक बिचारा बाजूला उभा राहून चाकाकडे बघत होता. आमच्या पांडाला काही झालं नाही. अठ्ठेचाळीस झाल्यावर मृणाल म्हणाली, "संपलं पण?" आणि मला थोडा माज आला, तो मी नाकारत नाही.

खाली उतरलं की सगळ्या पाट्यांवर दोन-दोन नावं. हा दक्षिण टिरोल, पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे आलेला, लोक अजून जर्मन बोलतात. बोल्झानो म्हणजेच बोत्सेन, मेरानो म्हणजेच मेरान, जीपीएस एक म्हणतं, पाटी आधी दुसरं दाखवते. बेळगाव भागात फिरलेल्या माणसाला यात नवीन काही नाही, फक्त आम्ही पाहिलेल्या पाट्यांवर कोणी काळं फासलेलं नव्हतं.

बोल्झानोच्या म्युझियममध्ये ओत्झी आहे, १९९१ मध्ये बर्फात सापडलेला ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. उणे सहा डिग्रीत ठेवलाय, छोट्या खिडकीतून बघायचं. अंगावर ६१ गोंदणं, साध्या रेघा, बऱ्याचशा कंबर, गुडघे, घोटे अशा दुखऱ्या जागी. माझ्या आजीच्या हातावर होती तशीच निळी-काळी. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, मृणाल कॉफी प्यायला गेली.

मग सेल्ला, पोर्दोई, फाल्झारेगो, एका दिवसात तीन घाट, संध्याकाळी कोर्तिना. या डोलोमाइट्स डोंगरांचं वर्णन करत बसत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत आणि ते खरंच तसेच दिसतात.

कोर्तिनाहून व्हेनिसकडे उतरताना लोंगारोने लागतं. इथे आम्ही मुद्दाम थांबलो. गावातून बघितलं की डावीकडे डोंगराच्या फटीत एक उंच पांढरट भिंत दिसते, ते वायोंतचं धरण, २६० मीटरच्या वर उंची. ९ ऑक्टोबर १९६३ ला रात्री डोंगराचा अख्खा उतार जलाशयात घसरला, पाणी उसळून धरणावरून खाली गावावर आलं, जवळपास दोन हजार माणसं गेली. आणि धरण फुटलं नाही, ते अजून तसंच उभं आहे. मृणालचं आजोळ नारायण पेठेतलं, १९६१ च्या पानशेतच्या पुरात वाडा गेलेला. तिची आजी भांडी मोजताना नेहमी म्हणायची, "हे पुराच्या आधीचं, हे नंतरचं." मृणाल त्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आमचं निदान फुटलं तरी गं." पुढे अर्धा तास दोघी बोललो नाही.

त्यातच टोलनाका आला. तिकडे हायवेवर शिरताना तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे, तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लावतात. पिवळी टेलिपासची लेन म्हणजे त्यांचं फास्टॅग, तिकडे चुकूनही जायचं नाही, हाताचं आणि नाण्यांचं चित्र असलेली लेन धरायची. तिकीट मृणालच्या सीटखाली, कोबीच्या पावाच्या कागदात सापडलं. मागच्या ट्रकवाल्यानं जो हॉर्न दिला त्यात मला घरच्यासारखं वाटलं. व्हेनिसला गाडी मेस्त्रेमध्ये गॅरेजला टाकून ट्रेननं गेलो, दहा मिनिटं लागतात, ते एक शहाणपण केलं.

आता तो शब्द. शहराचं नाव सांगत नाही, त्याची काही चूक नाही. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागात झेडटीएल असतं, बाहेरच्या गाड्यांना बंदी, पांढऱ्या गोलाला लाल कडा अशी पाटी आणि कॅमेरा. हे मला माहीत होतं, वाचून गेले होते. पण हॉटेल आत, संध्याकाळचे सात, भूक लागलेली, मागे गाड्या, आणि पाटीखाली लाल अक्षरांत लिहिलेलं "वारको अत्तिवो". मी ओरडले, काय लिहिलंय? मृणाल म्हणाली, "वारको म्हणजे गेट असेल, अत्तिवो म्हणजे ॲक्टिव्ह. गेट चालू आहे, जा." मी गेले. गल्ली इतकी बारीक की आरसे मिटले, पुढे खुर्च्या मांडून लोक वाइन पीत बसलेले, हॉटेल सापडेना, फिरून परत त्याच पाटीखालून आलो, परत "जा".

रिसेप्शनवरच्या बाईंनी नंबर प्लेट विचारली आणि कपाळाला हात लावला. अत्तिवो म्हणजे कॅमेरा चालू, म्हणजे बंदी चालू. बंदी नसते तेव्हा "नॉन अत्तिवो" येतं. हॉटेलला आधी गाडीचा नंबर कळवला असता तर त्यांनी तो महापालिकेकडे नोंदवला असता आणि काहीच झालं नसतं, आत हॉटेल घेणाऱ्यांनी एवढं एक जरूर करा. बाई म्हणाल्या, कदाचित नोटीस येणारही नाही. त्यांनी ते आमची तोंडं बघून म्हटलं असणार.

डिसेंबरमध्ये आधी गाडीवाल्यांनी कार्डातून पैसे कापले, ते दंडाचे नाहीत, आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची फी, तीही दोनदा. नोटीस यायला पुढे बरेच महिने जातात, परदेशातल्या माणसाला पाठवायला त्यांना ३६० दिवस असतात, त्यामुळे आता सुटलो म्हणून नाचायचं नाही. माझी जूनमध्ये आली, रजिस्टर्ड, पोस्टमन म्हणाला, "मॅडम, इटलीवरनं काहीतरी आलंय, पोरगा शिकतोय का तिकडं?" पाच दिवसांत भरलं तर तीस टक्के सूट आहे, म्हणून त्याच रात्री ऑनलाइन भरले. दोन पाकिटं, दोन दंड, वेळेत सात मिनिटांचा फरक.

दोन्हीचे फोटो मृणालला पाठवले. तिनं काहीच उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी जीपेवर बरोबर अर्धे पैसे आले, वर लिहिलेलं, "गेट चालू आहे, जा."