नागद्वारची रात्र अन् पेंडॉलमधली झोप

नागपुरात कोणालाही विचारा की बे कॅम्पिंगले कुठं जायचं, तर आजकाल उत्तर येतं रिसॉर्ट, तलावाच्या काठावरचे रंगीत तंबू, रात्री म्युझिक, सकाळी बुफे. जा ना, मजा येते तिथंही. पण पाठीवर बॅग, डोक्यावर पाऊस, पायाखाली चिखल अन् रात्री अनोळखी लोकांच्या मधात झोप, हा जो खरा प्रकार आहे तो आपले विदर्भातले लोक पिढ्यान्‌पिढ्या करून राहिले, फक्त त्याले ट्रेकिंग कोणी म्हणत नाही. यात्रा म्हणतात. नागद्वारची यात्रा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पचमढीच्या जंगलात नागद्वारची गुफा आहे, नागपंचमीच्या आधीचे साधारण दहा दिवस तिथं जत्रा भरते, म्हणजे आपला आषाढ संपता संपता लोक निघायले लागतात. बाकी वर्षभर हा रस्ता बंद असतो, कारण सगळं जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतं, राष्ट्रीय उद्यान तर ते १९८१ पासूनच आहे. गाव मध्य प्रदेशातलं, पाट्या हिंदीत, पण त्या दिवसांत रस्त्यानं जे बोलणं कानावर पडतं ते सारं आपलं, नागपूर, वर्धा, अमरावती, भंडारा. नागपूरहून साधारण अडीचशे किलोमीटर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत मटकुलीले पोचायचं अन् मग घाट. यात्रेच्या गाडीत झोप लागत नाही, मागच्या सीटवर भजन अन् पुढच्या सीटवर ओकाऱ्या, हे ठरलेलं.

पचमढीहून जिप्सीवाले धूपगडच्या रस्त्यावर सोडून देतात. धूपगड म्हणजे १३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक. तिथून पुढं पायदळ, उतार, चढ, नाले, अन् जिथं सरळ कडाच लागतो तिथं लोखंडी शिड्या. एक गोष्ट सह्याद्री फिरलेल्या पोरांना आवर्जून सांगतो, इथला दगड तुमचा तो काळा बेसॉल्ट नाही, हा वालुकाश्म आहे, वाळूचा दगड. पाणी त्यात जिरतं अन् खालून पाझरत राहतं, म्हणूनच या डोंगरांत एवढ्या गुफा आहेत अन् म्हणूनच पावसाळ्यात गुफेच्या आतही डोक्यावर टपटप चालूच असते. शेवाळ धरलेल्या दगडावर महागडा बूटही घसरतो. अन् बाजूनं सत्तरीचे काकाजी अनवाणी, धोतर खोचून, हातात काठी घेऊन असे निघून जातात की आपण फक्त पाहत राहायचं. वरून म्हणतात, "चल भगत, बसू नको, बसला का पाय भरून येतात." तिथं सगळेच एकमेकांना भगत म्हणतात. डॉक्टर असो, ऑटोवाला असो, भगत.

पुष्कळ जण आता एका दिवसात जाऊन येतात, पहाटे निघायचं अन् रात्रीपर्यंत पचमढीच्या हॉटेलात परत. माझं मनापासून सांगणं आहे की असं नका करू. रात्र तिथं काढल्याशिवाय नागद्वार कळतच नाही.

आम्ही मुक्काम करतो काजळीले. जंगलातलं आदिवासींचं छोटंसं गाव, एरवी शांत असेल, पण यात्रेत तिथं ताडपत्र्यांचं शहर उभं राहतं. विदर्भातली मंडळं पेंडॉल टाकतात, राशन सारं डोक्याखांद्यावरून आत येतं, अन् रात्रंदिवस चुली चालू. खिचडी, पुरीभाजी, बुंदी, कटिंग नाही तर पूर्ण ग्लास भरून चहा, अन् पैसे कोणी घेत नाही. एका ठिकाणी पहाटे चार वाजता पोहे अन् वरून चण्याची तर्री मिळाली होती, भिजलेल्या अंगानं ती तर्री पोटात गेली तेव्हाचा आनंद मले अजून कोणत्या हॉटेलात मिळाला नाही.

आता झोपेचं सांगतो. आमच्या एका दोस्तानं ऑनलाईन भारीवाला तंबू मागवला होता, वॉटरप्रूफ, दोन मिनिटांत उभा राहणारा. उभा राहिलाही दोन मिनिटांत, आजूबाजूचे लोक पाहायले जमा झाले, पोरं आत घुसून बाहेर निघू लागली, अन् तेवढ्यात असा पाऊस आला की पेंडॉलची एक बाजूच खाली बसली. तिकडं उमरेडकडच्या मावश्यांचा ग्रुप होता, त्यांनी सामान उचललं, सरळ तंबूत शिरल्या अन् आतून चेन लावली. हा बाहेर उभा. "मावशी, तो माझा तंबू आहे." आतून आवाज, "हो रे बाळा, लय चांगला आहे, देव तुले सुखी ठेवो." रात्रभर तो मंडळाच्या चुलीपाशी बसला, आचाऱ्याले कांदे कापून दिले, अन् सकाळी सगळ्यांत कोरडा, गरम अन् पोट भरलेला माणूस तोच होता. मावश्यांनी जाताना त्याले घरचे लाडू दिले अन् पुढच्या वर्षी जरा मोठा आणायले सांगितलं.

पेंडॉलमध्ये दोनशे माणसं झोपली का घोरण्याचं वेगळंच गणित असतं. एक जण थांबला की दुसरा सुरू होतो. एकदा एका भाऊनं वैतागून अंधारातच आवाज दिला, "कोण घोरून राहिला बे?" तर चार कोपऱ्यांतून चार जण जागे झाले अन् चौघांनीही सांगितलं, मी नाही. मग जो हशा पिकला त्यात बाकीचे उठले, कोणीतरी टाळ काढले अन् दोन वाजता भजन सुरू. झोप गेली ती गेलीच, पण कोणाच्या कपाळावर आठी नाही.

माकडांपासून मात्र सांभाळून. माझ्या भाच्च्याची बॅग एका माकडानं एवढ्या शांतपणे उघडली की आम्हाला वाटलं कोणी ओळखीचं आहे. चिवडा नेला, पोराची मोबाईलची पॉवर बँक सोडून दिली.

एक गोष्ट मनाले लागते ती बोलतोच. परतीच्या वाटेवर प्लास्टिक पाहवत नाही. बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, ते स्वस्तातले पन्नीचे रेनकोट फाटले की तिथंच नाल्यात. वाघाचं घर आहे ते, सांबर अन् गवे तेच पाणी पितात, अन् आपल्याले वर्षातून थोडेच दिवस तिथं जाऊ देतात. मंडळं पत्रावळीत वाढतात, साफसफाई करणारी पोरंही असतात, पण एवढ्या गर्दीले ती किती पुरणार? आमच्या ग्रुपचा नियम आहे, प्रत्येकाच्या बॅगेत एक रिकामी थैली, आपला कचरा पचमढीपर्यंत आपल्या पाठीवर.

बाकी सामान कमी न्या. जेवण न्यायची गरजच नाही. जाडी पन्नी अंथरायले, एक पातळ चादर, डोक्याले बांधायचा टॉर्च, कारण शिडीवर दोन्ही हात लागतात, सुकी हळद-मीठ, पायाच्या गोळ्यांसाठी मलम, अन् मोजे भरपूर, ते वेगवेगळ्या पन्नीत बांधून. हॉटेल बुक करत बसू नका, त्या दिवसांत पचमढीत भाव गगनाले भिडतात. सरळ गणेशपेठच्या बसस्टँडवर या, जिथं डोक्याले भगवं फडकं बांधलेली गर्दी दिसेल त्याच गाडीत बसा. जागा नसली तर कोणीतरी सरकतेच.