बदामावरचं घरटं

एप्रिलअखेरीस बाल्कनीतल्या दोरीवरून तारेचे दोन हँगर गायब झाले. तिसरा जाताना पाहिला. चोचीत हुक धरून, ओझ्याने झोकांड्या खात कावळा समोरच्या बदामावर गेला. आमचं स्वयंपाकघर मुलुंडला चौथ्या मजल्यावर आहे, त्यामुळे घरटं वरून स्पष्ट दिसायचं. बाहेर काटक्या आणि तारा, आत काथ्या नि केस.

हा गावकावळा. मान आणि छाती राखाडी, बाकी काळा, पण उन्हात पंखांवर निळसर-जांभळी झाक मारते. डोमकावळा याहून मोठा, अख्खा काळा, चोच जाडजूड. तो नुसता गच्चीच्या कठड्यावर बसला तरी ही जोडी त्याला हाकलून लावायची. मादी घरट्यात बसलेली असताना नर तिला चारा आणून द्यायचा. कपडे वाळत घालताना मीही डोक्यावर एक टोच खाल्ली, नंतर छत्री घेऊन जायचे.

सासूबाई साताऱ्याकडच्या. कावळ्याने आंब्यावर घर केलं तर पाऊस चांगला, बाभळीवर केलं तर दुष्काळ, असं त्यांच्याकडे म्हणतात. बदामावर केलं तर? त्या बराच वेळ विचार करत बसल्या. "आमच्याकडं बदाम नव्हता गं."

६ मे रोजी घरट्यात चार अंडी होती. तीन निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. चौथं लहान आणि मळकट. मग आठवलं, दोन दिवसांपूर्वी कोकीळ अगदी झाडाशी येऊन ओरडत होता आणि दोन्ही कावळे त्याच्या मागे लागले होते. तेवढ्यात कोकिळेने डाव साधला असणार. तिचं अंडं लवकर फुटतं. तसंच झालं, पहिलं पिल्लू तिचंच.

पावसाआधीची छाटणी करायला माणसं आली तेव्हा मी खाली धावले. सेक्रेटरींना वर बोलावून खिडकीतून घरटं दाखवलं. ते पाच मिनिटं काही न बोलता बघत राहिले. ती फांदी वाचली.

कावळ्याची दोन पिल्लं उडाली. तिसरं एका सकाळी दिसलं नाही, कुठे गेलं कळलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं.

जूनच्या शेवटी धो धो पाऊस होता. कोकिळेचं पिल्लू आमच्या ग्रिलवर लाल तोंड वासून बसलेलं. कावळी निथळत आली, पोळीचा भिजका तुकडा त्याच्या घशात कोंबला आणि पुन्हा पावसात निघून गेली.